दयाही शिकावी लागते



राजारामपुरीत दवाखान्यांना तोटा नाही. जीव द्यायला निघालेल्या माणसाला तेथे वाचवले जाते. पण शुद्धीवर आल्यावर त्याच्या कानी काय पडते? "जीव वर आला होता का?" असे बोलणारी नर्स दुष्ट नसते, तिला दुसरे कोणी शिकवलेलेच नसते.

मग मनात दया असली की पुरे, की दयाही शिकावी लागते? आम्हांला वाटते, शिकावी लागते. "मरावेसे वाटते का?" असे थेट विचारल्याने तो विचार बळावत नाही, माणूस मोकळा होतो. दोष न देता ऐकणे, एकटे न सोडणे, घरी पाठवताना पुढची भेट ठरवणे, हे प्रशिक्षणानेच अंगवळणी पडते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा माणूस तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरले व त्याची काळजी हे शासनाचे कर्तव्य ठरवले. आपली जीभ मात्र अजून शिक्षाच देते.

एलिया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता. देवदूताने त्याला बोल लावला नाही. भाकर व पाणी दिले, झोपू दिले आणि तो पुन्हा आला.

आजाऱ्याला भेटायला जाताना आपणही हे शिकू या. 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.