पात्र-अपात्र

कर्जखात्यात बसून मला अठरा वर्षं झाली. अर्जदाराची पात्रता तपासायला आमच्याकडे चार पानी फॉर्म आहे. उत्पन्न, जामीनदार, तारण, मागची थकबाकी, सगळ्याला रकाने आहेत. ‘माणूस स्वभावाने कसा आहे?’ याला मात्र रकाना नाही. ही बँकेची घोडचूक आहे असं माझं फार दिवसांचं मत होतं, आणि आमच्या सोसायटीचा खजिनदार झाल्याबरोबर मी ती सुधारली.

आमच्या पंपावर तात्या आहे. पहाटे साडेचारला येऊन मोटर लावतो. चुकवत नाही, पण गोडही बोलत नाही. दिवाळीच्या आधी त्याने चेअरमनसाहेबांना भर जिन्यात ‘टाकीत डोकावून कळत नसतं, त्याला अक्कल लागते’ असं सुनावलं. बोनसच्या यादीतलं त्याचं नाव मी स्वहस्ते, लाल शाईने खोडलं आणि त्याच्याच पाण्याने हात धुतले.

हे आठवायचं कारण माझा भाचा. तो पुण्यात कॉम्प्युटरमध्ये आहे, म्हणजे नक्की काय करतो ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. रविवारी जेवताना म्हणाला, “मामा, तू कर्जं देतोस ना? मग सांग. लॅपटॉप आणि चिपा बनवणाऱ्या कंपन्यांनी कुठल्या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमला मदत करावी?”

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्र आणि आपण यांच्यामध्ये बसलेला हेडक्लार्क, एवढं मला ठाऊक होतं. ओपन सोर्स म्हणजे ज्याची वही कुणीही उघडून वाचावी, दुरुस्त करावी आणि नक्कल घरी न्यावी असा हेडक्लार्क. असा प्राणी आमच्या शाखेत नसल्याने पटायला थोडा वेळ लागला.

“सगळ्यात मोठी असेल तिला,” मी म्हणालो.

“लिनक्सला? तिच्यासाठी कंपन्यांनी पगारी माणसंच ठेवली आहेत.”

म्हणजे तो श्रीमंताघरच्या लग्नातला आहेर. तोही करावा लागतो. आपल्याकडे कार्य निघालं की परत येतो. त्याला मदत म्हणू नये, इतकंच.

मग त्याने मला कॅनडातल्या कॅलगरी गावची गोष्ट सांगितली. तिथे थिओ द राट नावाचे गृहस्थ आहेत. नेटबीएसडी नावाची सिस्टिम ज्या चौघांनी सुरू केली त्यांपैकी हे एक. १९९४ साली बाकीच्यांनी यांना बाहेरची वाट दाखवली. कारण? बोलणं. १९९५ साली यांनी स्वतःचं बिऱ्हाड थाटलं : ओपनबीएसडी. १९९९ साली त्याच बिऱ्हाडातून ओपनएसएसएच निघालं. मधल्या कुणाच्या कानावर न जाता दूरच्या कॉम्प्युटरशी बोलायची ही सोय. लिनक्सच्या सर्व्हरांवर ती आहे, अॅपलच्या मॅकमध्ये आहे, २०१८ पासून विंडोजमध्येही आहे. “तुझ्या बँकेची यंत्रं सांभाळणारे लोकही बहुधा तीच वापरत असतील,” भाचा म्हणाला. मी आमटी वाढून घेतली.

२००३ साली या मंडळींना अमेरिकन संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेकडून वीस लाख डॉलरांच्या वर पैसा मिळत होता. इराकचं युद्ध सुरू झालेलं. आपल्याकडे पैसा आला म्हणजे तेवढं अर्धं क्षेपणास्त्र कमी बनेल, अशी मी मनाची समजूत घालतो, अशा अर्थाचं द राट एका वर्तमानपत्राजवळ बोलून बसले. थोड्याच दिवसांत पैसा थांबला.

“बोलायची काय गरज होती?” मी म्हणालो. देणाऱ्याच्या ओटीवर बसून त्याच्याच धंद्याला नावं ठेवायची! माझ्यातला लाल शाईवाला जागा झाला.

“मामा, पण त्यामुळे प्रोग्रॅम बिघडला का?”

नव्हता बिघडला. पुढे २०१४ च्या जानेवारीत तर यांच्याकडे विजेचं बिल भरायला वीस हजार डॉलर नव्हते. जुन्यापान्या यंत्रांचा खटारखाना चालू ठेवायचा असतो. एका जातीच्या यंत्रावर लपलेली चूक दुसऱ्या जातीच्या यंत्रावर उघडी पडते. अर्ध्या जगाच्या कुलपांचा कारागीर अंधारात बसायची वेळ आली. रुमानियाच्या एका बिटकॉइनवाल्याने रक्कम भरली. २०१५ साली मोठी देणगी दिली ती मायक्रोसॉफ्टने, म्हणजे पिढीजात दुसऱ्या पंगतीतल्यांनी.

तरी स्वभावाचा रकाना पूर्ण रद्द करावा असं मला वाटत नाही. तिरसटपणामुळे नवी पोरं कामाला यायची थांबली तर ते नुकसान खातेवहीतच दिसेल, आणि ते मोजावं. पण चेअरमनचा अपमान हे चेअरमनचं नुकसान आहे, पाण्याचं नव्हे. कंपनीने आधी स्वतःच्या मालात कुणाचं काम फुकट बसलंय ते बघावं. तिथून यादी सुरू होते. त्यात जो सगळ्यांत कमी पैशांत चालतो तो वर. ही मदत नव्हे, थकबाकी.

आणि गंमत म्हणजे या लोकांना कंपन्यांकडून मुख्यतः हवे असतात ते कागद. चिपला कुठल्या तारेवर काय सांगितलं की काय करते, त्याचं पुस्तक. ते नसलं की ती चालवणारा प्रोग्रॅम चाचपडत लिहावा लागतो. २००५ च्या सुमारास वायरलेसच्या चिपांसाठी यांनी दारोदार कागद मागितले. तैवानच्या रीयलटेक आणि रालिंक, दोघांनी देऊन टाकले. काही बड्या कंपन्या मात्र गुप्ततेच्या करारावर सही मागत, नाहीतर बंद डबा पुढे करत : वापरा, उघडू नका. हे लोक सही करेनात. फुकटात देता येण्यासारखी एकच गोष्ट, आणि तिलाच कुलूप!

सोमवारी संध्याकाळी पाकीट घेऊन पंपावर गेलो. दिवाळी होऊन चार महिने झाले होते. तात्या मोटरीपुढे उकिडवा बसला होता.

“तात्या, हे तुमचं राहिलं होतं.”

“ठेवा तिथं.” मान वळवली नाही. मी निघालो तेव्हा म्हणाला, “साहेब, या मोटरीबरोबर कंपनीनं वायरिंगचं पुस्तक दिलेलं. दोन वर्षं मागतोय. अंदाजानं जोडतोय सगळं.”

“कुणाकडे आहे?”

“तुमच्या कपाटात. किल्ली तुमच्याकडंच असती.”