नोंद खरी होती, मग पाप कुठे?

आजचे शास्त्रवाचन: गलतीकरांस पत्र ३:२६-२८



ख्रिस्तात बाप्तिस्मा घेतलेल्यांमध्ये यहूदी आणि हेल्लेणी असा भेद राहत नाही, असे पौल आज आपल्याला सांगतो. आपण हे कितीदा ऐकले आहे! पण मार्टिन लूथरच्याच देशातल्या प्रॉटेस्टंट मंडळीने हे वचन वाचत वाचत मोडले. ते कसे, हे आज पाहू.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. त्याच जुलैत मंडळीची निवडणूक झाली आणि ‘जर्मन ख्रिस्ती’ नावाच्या नाझीधार्जिण्या गटाला सुमारे दोन तृतीयांश मते पडली. मते देणारे कोण? रविवारी गीतपुस्तक घेऊन बाकावर बसणारे साधे लोक. देश पुन्हा उभा राहील, बेकारांना काम मिळेल, नास्तिकांना आळा बसेल, असे त्यांना वाटत होते. अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, हा रोमकरांस पत्राचा १३ वा अध्याय तोंडपाठ होता. माणसांपेक्षा देवाचे ऐका, हे प्रेषितांच्या कृत्यांतले ५:२९ मात्र मागे पडले.

पण मला जास्त विचारात पाडते ती मंडळीची नोंदवही. सरकारी नोकरीसाठी आजी-आजोबा ‘आर्य’ असल्याचा पुरावा मागू लागले. जर्मनीभर सरकारी जन्मनोंद सुरू झाली ती १८७६ पासून. त्याआधीचे शोधायचे तर चर्चमधली बाप्तिस्म्याची वही. मग गावोगावच्या मंडळ्यांतून पाने उलटून दाखले दिले जाऊ लागले. कुणाचा आजोबा यहूदी धर्मातून आला होता, हेही त्याच वहीत सापडे. शिक्का खरा, सही खरी, नोंदही खरी. मग पाप कुठे?

पाप त्या प्रश्नात होते. ‘हा ख्रिस्ताचा झाला’ अशी साक्ष देणारी वही ‘याचे रक्त कुठले’ हे सांगायला वापरली गेली. एकदा त्या प्रश्नाला उत्तर दिले की पुढची पायरी दूर नसते. १७ डिसेंबर १९४१ रोजी सात प्रादेशिक प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या पुढाऱ्यांनी जाहीर केले की बाप्तिस्म्याने वंश बदलत नाही, आणि यहूदी वंशाच्या ख्रिस्ती लोकांना आपल्या मंडळ्यांतून बाहेर काढले. तेव्हा यहूद्यांना पूर्वेकडे नेणाऱ्या गाड्या सुटू लागल्या होत्या.

सगळेच झुकले नाहीत. पाउल श्नायडर हा डिकेनशीड या खेड्याचा पाळक. १९३४ मध्ये एका नाझी युवकाच्या दफनविधीत पक्षाचा पुढारी म्हणाला की, हा आता स्वर्गात हॉर्स्ट वेसेलच्या तुकडीत गेला. वेसेल म्हणजे नाझींचा ‘हुतात्मा’. श्नायडरने तिथेच, कबरीपाशी, हरकत घेतली. १८ जुलै १९३९ रोजी बुखेनवाल्डच्या छळछावणीत त्याला ठार मारण्यात आले.

कुणी म्हणेल, देशावर प्रेम करू नये की काय? जरूर करावे. आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक देशावर मनापासून प्रेम करत. पण त्यांनी १९१७ साली काढलेल्या ‘देवाच्या दरबारात’ बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. त्यांच्या देशप्रेमाने दार उघडले. तिकडे देशप्रेमाच्या नावाने आत असलेल्यांनाच बाहेर काढले.

चाकणला लाईनवर काम करणाऱ्या भावांना एक गोष्ट चांगली ठाऊक आहे. खोट दिसली तर ‘माझ्या स्टेशनचे काम बरोबर आहे’ म्हणून गाडी पुढे सोडायची नसते, लाईन थांबवायची असते. तो जर्मन कारकून आपल्या स्टेशनचे काम चोख करत होता, पण त्याने लाईन थांबवली नाही.

आपल्या पिंपरी-चिंचवडमधल्या मंडळ्यांत मराठी, तमिळ, मल्याळी, तेलुगू, झारखंडहून कामाला आलेली पोरे, सगळे एकाच मेजावरची भाकर घेतात. पण लग्नाची बोलणी निघाली की हळूच विचारले जातेच, “मूळचे कोण हो तुम्ही?” प्रियांनो, हा प्रश्न लहान नाही. पौलाने ज्याचे उत्तर एकदाच देऊन टाकले, तोच आपण पुन्हा उकरून काढतो. पुढच्या वेळी कुणी विचारले, तर उत्तर देण्याआधी थांबा आणि म्हणा, “आम्ही ख्रिस्ताचे.”

प्रार्थना: हे प्रभू, आमच्या खऱ्या नोंदीही कुणाच्या नाशाला कारण होऊ देऊ नकोस. योग्य वेळी थांबायचे आणि थांबवायचे धैर्य आम्हाला दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.