बाहुली कोणाची?

खेळणी अनेक प्रकारची असतात. त्यांपैकी चेहरा असलेले खेळणे म्हणजे बाहुली. चेंडू, भोवरा, लगोरी यांच्याशी मूल खेळते. बाहुलीशी ते बोलते. ती रुसते, जेवते, आजारी पडते, तिचे लग्न लागते आणि या साऱ्या घटनांची जबाबदारी मूल आपणहून पत्करते. बाहुली ही वस्तू आहे हे त्याला ठाऊक असते. तरीही तिच्याशी वागताना ते वस्तूशी वागत नसते. म्हणूनच जुन्या बाहुल्या लिलावात मांडल्या जातात तेव्हा नाण्यांच्या वा टपाल तिकिटांच्या लिलावात सहसा न उद्भवणारा एक नैतिक प्रश्न उपस्थित होतो. जिच्यावर एका मुलाने माया केली, ती वस्तू पुढे कोणाची होते?

प्रथम या लिलावांची रीत समजून घेतली पाहिजे. युरोप-अमेरिकेतील संग्राहकांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या फ्रेंच व जर्मन बाहुल्यांना विशेष मागणी आहे. फ्रान्समधील झ्युमो आणि ब्रू या कारखान्यांच्या बाहुल्या त्यांत अग्रस्थानी मानल्या जातात. अमेरिकेतील अ‍ॅनापोलिस येथील थेरिओ ही लिलावसंस्था तर १९७० पासून बाहुल्या व बालपणीची खेळणी यांच्याच विक्रीसाठी प्रसिद्ध आहे. या बाहुल्यांचे डोके 'बिस्क'चे, म्हणजे झिलई न देता भाजलेल्या चिनी मातीचे असते. त्यामुळे गालांवर मानवी त्वचेसारखा मंद पोत येतो. बाहुली विक्रीस आली की जाणकार तिचा केसांचा टोप उतरवतो, पोकळ डोक्यात दिवा धरतो आणि एखादी केसाएवढी चीर प्रकाशात दिसते का ते पाहतो. मानेमागील कारखान्याचा क्रमांक तपासला जातो. डोळे, बोटे, कपडे, बूट मूळचेच आहेत की मागाहून बदलले, याची नोंद होते. मूळ खोक्यात, न हाताळलेली अशी बाहुली मिळाली तर तिची किंमत अनेक पटींनी वाढते.

येथेच एक विलक्षण उलटापालट घडते. जी बाहुली सर्वांत कमी खेळली गेली, ती सर्वांत मौल्यवान ठरते. कडेवर घेऊन हिंडवलेली, पडलेली, न्हाऊ घातलेली बाहुली 'सदोष' होते. बालपणाने केलेली प्रत्येक खूण किमतीतून वजा होते.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. जर्मनीतील कॅमर आणि राइनहार्ट या कारखान्याने १९०९ पासून 'स्वभावदर्शी' बाहुल्या काढल्या. गोंडस, निर्विकार चेहऱ्याऐवजी खऱ्या मुलासारखा विचारमग्न किंवा किंचित रुसलेला चेहरा देण्याचा तो प्रयत्न होता. त्यांतील काही साचे बाजारात फारसे रुचले नाहीत आणि त्यांच्या प्रतीही थोड्याच निघाल्या. पुढे २०१४ मध्ये लंडनच्या बॉनहॅम्स या लिलावगृहात या कारखान्याच्या एका दुर्मीळ बाहुलीस २,४२,५०० पौंड मिळाले. ज्या चेहऱ्यांना त्या काळच्या बाजाराने बाजूला सारले, त्यांच्याच दुर्मिळतेचा शंभर वर्षांनी असा गौरव झाला.

यावरून संग्राहकाला दोषी ठरवणे सोपे आहे. पण तसे करणे न्यायाचे होणार नाही. बोदलेअरने १८५३ साली खेळण्यांच्या नीतीवर एक निबंध लिहिला. खेळण्याच्या आत दडलेला आत्मा पाहण्याच्या ओढीने मूल ते फोडते, असे निरीक्षण त्याने त्यात नोंदवले आहे. म्हणजे मुलाचे प्रेमही विनाशक असू शकते. केवळ खेळावर सोपवल्या असत्या तर या बाहुल्यांपैकी किती आज उरल्या असत्या? वस्तूला उपयुक्ततेच्या ओझ्यातून मुक्त करणे हे संग्राहकाचे कार्य, असा विचार वाल्टर बेंजामिनने मांडला आहे. आणि तो स्वतः जुन्या बालपुस्तकांचा संग्राहक होता, खेळण्यांच्या इतिहासावर त्याने लिहिलेही होते. अमेरिकेत मार्गारेट वुडबरी स्ट्राँग (१८९७–१९६९) या बाईंनी हजारो बाहुल्या जमवल्या. त्यांच्या संग्रहातून रॉचेस्टर येथे उभे राहिलेले संग्रहालय १९८२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. आपल्याकडे पुण्यात दिनकर गंगाधर केळकरांनी रोजच्या वापरातल्या, कोणी जपून ठेवू नये अशा वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. बालवयात गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहाला दिले आणि १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. संग्रहामागे नेहमी लोभच असतो असे मानणाऱ्याने हे उदाहरण विसरू नये.

तेव्हा वस्तू जमवावी की न जमवावी, हा खरा प्रश्न नव्हे. जमवताना वस्तूबरोबर आपण काय राखतो आणि काय पुसून टाकतो, हा आहे. बाहुलीवर दोन प्रकारच्या हातांच्या खुणा असतात. एक खेळणाऱ्याच्या, दुसऱ्या घडवणाऱ्याच्या. जर्मनीतील थुरिंगिया प्रांतातले सोनेबर्ग हे गाव खेळण्यांच्या व्यवसायासाठी जगभर गाजले. तेथील पुष्कळसे काम कारखान्यात न होता मजुरांच्या घराघरांत, अल्प मजुरीवर चालत असे, आणि घरातली मुलेही त्या कामाला जुंपलेली असत. एका मुलाच्या हातात पडणारी बाहुली दुसऱ्या मुलाच्या श्रमातून आलेली असे. लिलावाच्या सूचीत कारखान्याचे नाव ठळक असते, साच्याचा क्रमांक असतो. या हातांचा उल्लेख सहसा नसतो. निर्दोषपणाची जी आवड बाहुलीवरील खेळाच्या खुणा नाकारते, तीच श्रमाच्या खुणाही दिसू देत नाही.

बाहुली ही केवळ मालमत्ता नाही, हे काही प्रसंगी समाजानेही ओळखले आहे. १९२७ मध्ये अमेरिकेतून जपानी मुलांसाठी बारा हजारांहून अधिक बाहुल्या मैत्रीची भेट म्हणून गेल्या. जपानने उत्तरादाखल अठ्ठावन्न बाहुल्या पाठवल्या. पुढे युद्धकाळात त्या अमेरिकन बाहुल्या शत्रूच्या ठरल्या आणि बहुतेक नष्ट करण्यात आल्या. काही शाळांमध्ये मात्र त्या लपवून ठेवल्या गेल्या आणि त्यामुळे त्यांतील थोड्या आजही शिल्लक आहेत. त्या बाहुल्यांना तेव्हा बाजारभाव नव्हता. त्या जपण्यात धोकाच होता. ज्यांनी त्या लपवल्या त्यांनी संग्रह केला असे आपण म्हणणार नाही; परंतु संग्रहाचे जे सर्वोत्तम प्रयोजन असू शकते, ते त्यांच्या कृतीत दिसते. त्याच जपानमध्ये नको असलेली बाहुली कचऱ्यात न टाकता मंदिरात नेऊन तिला विधिपूर्वक निरोप देण्याची प्रथा आहे. जिच्याशी माणसासारखे वागलो तिला वस्तूसारखे फेकू नये, हा त्यामागील भाव आपल्या विसर्जनाच्या परंपरेत वाढलेल्या मनाला सहज कळावा.

साहित्याच्या अभ्यासकाला हा पेच अपरिचित नाही. जुन्या हस्तलिखिताचा संपादक दोन मार्गांनी जाऊ शकतो. पुसट अक्षरे, समासातील टिपा, नकलकाराच्या चुका हे सारे काढून तो स्वच्छ, एकसंध पाठ छापू शकतो. किंवा आपला पाठ निश्चित करून पाठभेद तळटीपेत प्रामाणिकपणे नोंदवू शकतो. पहिल्या मार्गाने पोथी सुंदर होते. दुसऱ्या मार्गाने ती ज्यांच्या हातांतून आली त्या पिढ्या जिवंत राहतात. बाहुलीच्या संग्राहकालाही हाच विवेक लागू करता येईल. तुटलेले बोट जोडावे, पण जोडल्याचे सांगावे. रंगाचा नवा हात देण्याची गरज भासलीच तर आधीचे रूप नोंदवून ठेवावे. ती कोणत्या घरातून आली, तिला कोणी काय नाव दिले होते, हे कळले तर ते कागद बाहुलीपासून वेगळे करू नयेत. लिलावाची चांगली सूची दोष लपवत नाही, हे तिचे श्रेय आहे. फक्त ज्याला ती दोष म्हणते, त्याला अनेकदा चरित्र म्हणावे लागेल.

'बाहुली कोणाची' या प्रश्नाला कायद्याचे उत्तर सरळ आहे: ज्याने पैसे मोजले त्याची. नीतीचे उत्तर एवढे सरळ असू शकत नाही. जिने तिला पहिले नाव दिले ती मुलगी बहुधा हयात नसते. ज्याने तिचे ओठ रंगवले त्याचे नाव कोणी लिहून ठेवलेले नसते. हे दोन्ही हक्कदार बोली लावायला येऊ शकत नाहीत. जो बोली जिंकतो त्याच्याकडे बाहुलीबरोबर त्या दोघांची बाजूही येते. ती त्याने सांभाळली तर तो विश्वस्त ठरतो. पुसून टाकली तर त्याच्या कपाटात एक महागडी, अनाथ वस्तू तेवढी उरते.