ताट, दार आणि हौद

माणेकजी करसेटजी हे मुंबईतले पारशी गृहस्थ. सुशिक्षित, इंग्रजांमध्ये ऊठबस असलेले, पुढे मुलींना इंग्रजी शिक्षण मिळावं म्हणून खटपट करणारे. १८४०च्या सुमारास त्यांना फ्रीमेसन व्हायचं होतं. मुंबईतल्या लॉजने त्यांना घेतलं नाही. युरोपात गेल्यावर पॅरिसच्या एका लॉजमध्ये त्यांना दीक्षा मिळाली. नियमाने पाहिलं तर आता ते जगभरच्या मेसनांचे 'बंधू' झाले होते. पण मुंबईत परतल्यावर इथल्या बंधूंनी या बंधूला पुन्हा दाराबाहेरच ठेवलं. शेवटी कंपनी सरकारच्या नोकरीतला स्कॉटिश डॉक्टर जेम्स बर्न्स याने तोडगा काढला. तो पश्चिम भारतातल्या स्कॉटिश शाखेच्या मेसनांचा प्रमुख होता. १८४३च्या डिसेंबरात त्याने 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हा लॉज सुरू केला, तो हिंदी लोकांना प्रवेश देता यावा म्हणूनच. थोडक्यात, भाऊ मानलं, पण चूल वेगळी मांडून दिली.

मराठीत 'लॉज' म्हटलं की एसटी स्टँडसमोरची पाटी डोळ्यांपुढे येते. फ्रीमेसनांचा लॉज म्हणजे सभासदांची शाखा, आणि ती जिथे भरते ती खोलीही. त्या बंद खोलीबद्दल लोकांना भलतंच कुतूहल असतं. किपलिंगने हिंदुस्थानातल्या लॉजला लोक 'जादूघर' म्हणत अशी नोंद करून ठेवली आहे. इराणात एकोणिसाव्या शतकात अशा जागेला 'फरामोशखाना', विसरण्याचं घर, म्हणत. मला मात्र आत काय चालतं याचं फारसं गूढ वाटत नाही, कारण ते केव्हाच छापून झालं आहे. मला पडणारा प्रश्न वेगळा आहे. जी समता दार लावून घेतल्यावरच पाळता येते, तिला समता म्हणायचं का?

आत काय चालतं ते आधी पाहू, कारण त्यात खरोखर काही आहे. दीक्षा घेणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात. अंगावरचे पैसे, अंगठी, घड्याळ, धातूचं सगळं काढून घेतात. एक पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, एका पायात सपाता, छाती अर्धी उघडी, गळ्यात दोर. न्यायाधीश असो की कारकून, त्या क्षणी तो कोण आहे हे कपड्यांवरून कळू शकत नाही. विधीत पुढे एक जागा येते, तिथे त्याच्याकडे गरिबांसाठी दान मागतात. द्यायला खिशात काहीच नसतं. तेव्हा त्याला सांगितलं जातं की ही अवस्था लक्षात ठेव; पुढे कधी कुणी हात पसरला तर आठव. नंतर त्याला कोकराच्या कातड्याचा पांढरा एप्रन बांधतात, गवंड्यांचा. गुण्या, कंपास, पाणसळ ही हत्यारं म्हणजे आचरणाचे धडे. पाणसळीचा अर्थ समता. खोलीत धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायला बंदी. भारतातल्या लॉजमध्ये बायबलच्या शेजारी गीता, कुराण, अवेस्ता मांडलेले असतात आणि ज्याने त्याने आपापल्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची.

हे नाटक आहे असं म्हणून उडवून लावणं सोपं आहे. पण माणूस पुष्कळ गोष्टी नाटकातूनच शिकतो. 'गरिबाला मदत करावी' हे वाक्य आपण शाळेत शंभरदा लिहिलेलं असतं. भर सभेत रिकाम्या खिशात हात घालून उभं राहणं ही वेगळी गोष्ट आहे. स्वातंत्र्य आणि समता काही प्रमाणात कायद्याने देता येतात. बंधुता तशी देता येत नाही. तिचं नाव संविधानाच्या उद्देशिकेत आहे, पण कुठल्याही कलमाने एका माणसाला दुसऱ्याबद्दल आपुलकी वाटायला लावता येत नाही. ती कुठेतरी सवयीने अंगी बाणवावी लागते. लॉज ही अशी तालमीची जागा आहे, हा लॉजच्या बाजूने करता येणारा सर्वांत चांगला युक्तिवाद आहे.

तो जर्मन नाटककार लेसिंगने १७७८ साली केला. लेसिंग स्वतः मेसन होता. 'एर्न्स्ट आणि फाल्क' या त्याच्या संवादांतला फाल्क म्हणतो ते साधारण असं: राज्यसंस्था माणसांना एकत्र आणते, पण एकत्र आणताना त्यांच्यात भिंती घातल्याशिवाय तिला राहता येत नाही. देशांच्या भिंती, धर्मांच्या, वर्गांच्या. या भिंती पाडता येणार नाहीत, पण प्रत्येक बाजूला अशी काही माणसं असावीत की जी भिंतीपलीकडे हात देतील. तेच खऱ्या मेसनांचं काम. हे ऐकून एर्न्स्ट भारावतो आणि लॉजमध्ये नाव घालतो. पुढच्या संवादात तो परत येतो तो वैतागून. आत त्याला सोनं बनवायच्या मागे लागलेले लोक भेटलेले असतात, आणि ज्यूला इथे दार बंद आहे हेही दिसलेलं असतं. भिंतीपलीकडे हात देणाऱ्यांनी स्वतःचीच एक भिंत बांधलेली असते. लेसिंगने संस्थेची बाजू मांडली आणि तिच्यावरचा आरोपही स्वतःच मांडला, म्हणून मला तो या विषयावरचा सर्वांत प्रामाणिक लेखक वाटतो.

आता पुन्हा मुंबई. रायझिंग स्टार निघाल्यावर सहा वर्षांनी, १८४९मध्ये, याच शहरात दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. तीही गुप्त. तिच्यातही दीक्षाविधी होता, पण तो पाणसळीचा नव्हता, ताटाचा होता. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा, मुसलमानाने आणलेलं पाणी प्यायचं. जातिभेद मानणार नाही हे तोंडाने म्हणायला काही लागत नाही; घास गिळायला लागतं. किपलिंग १८८६मध्ये लाहोरला मेसन झाला. त्या लॉजवरच्या त्याच्या कवितेत हिंदू, मुसलमान, शीख, ज्यू, गोरे सगळे रात्री उशिरापर्यंत एकमेकांशी बोलत बसतात, पण मेजवानी मात्र ठेवत नाहीत, कारण एखाद्याची जात बाटायची. तेव्हा लाहोरचा बंधुभाव ताटाशी येऊन थांबत होता आणि मुंबईच्या परमहंसांचा ताटापासूनच सुरू होत होता.

परमहंस सभा तरी गुप्त का होती, हे उघड आहे. नाव कळलं तर वाळीत पडायचं, बायको माहेरी जायची, मुलींची लग्नं अडायची. भीती खोटी नव्हती. १८९०मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा घेतल्याबद्दल टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य ओढवलं, तेही नावं वर्तमानपत्रात छापून आल्यावर. परमहंस सभेची सभासदांची यादी १८६०च्या सुमारास चोरीला गेली, नावं फुटली आणि सभा मोडली.

या मोडण्याकडे दोन्ही बाजूंनी पाहता येतं. एक म्हणजे गुप्तता कधीकधी दुबळ्याची ढाल असते आणि ती काढून घेणाऱ्याने समाजाचं काही भलं केलेलं नसतं. दुसरं म्हणजे जी समता यादी फुटताच संपते, ती तोवर फक्त खोलीपुरती होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. बहुधा हे कळल्यामुळेच १८६७मध्ये दादोबांचे भाऊ आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज निघाला तो उघड. आणि पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८६८मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा त्याला ना दीक्षा होती ना शपथ ना यादी. कोण पाणी भरतंय ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत होतं. ताटापासून हौदापर्यंतच्या या अंतरात, बंद दाराच्या नीतीबद्दल मला जे म्हणायचं आहे ते जवळजवळ सगळं आलं.

कारण गुप्तता दोन प्रकारची असते आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. ओळखायची कशी? एक सोपा प्रश्न विचारावा: यादी फुटली तर नुकसान कुणाचं? परमहंसांची यादी फुटली तेव्हा नुकसान सभासदांचं झालं. १९८१मध्ये इटलीत लिचो जेल्लीकडच्या झडतीत 'पी-टू' या लॉजची यादी सापडली. मंत्री, सेनाधिकारी, गुप्तचर खात्याचे प्रमुख, बँकवाले, संपादक अशी साडेनऊशेच्या वर नावं. सरकार कोसळलं. ती यादी लपून राहणं हेच जनतेचं नुकसान होतं. या लॉजला मेसनांच्या मूळ संस्थेने आधीच बाजूला केलं होतं, हे खरं. सगळे मेसन तसे असतात असं कुणी समजू नये. पण दुबळ्यासाठी जी ढाल असते ती सत्तावानाच्या हातात गेली की तिचा बुरखा होतो. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या लॉजमध्ये अधिकारी आणि व्यापारी एकत्र बसत. तिथे फक्त पाणसळीवर बोलणं होत असेल असं मानायला फार भाबडं असावं लागेल.

आता दाराकडे येऊ, म्हणजे आत कुणाला घेतात याकडे. १७२३च्या अँडरसनकृत घटनेत लिहिलं आहे की सभासद स्वतंत्र माणूस असावा. गुलाम नको, स्त्री नको. अमेरिकेत प्रिन्स हॉल या काळ्या माणसाला १७७५मध्ये ब्रिटिश सैन्यातल्या एका लॉजने दीक्षा दिली. गोऱ्या अमेरिकी मेसनांनी त्याच्या परंपरेतल्या लॉजना मान्यता द्यायला सुरुवात केली ती १९८९मध्ये. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्तांना अनेक वर्षं ताटकळत ठेवून १८७२मध्ये घेतलं. हिंदू एक ईश्वर मानत नाहीत, मग त्यांची शपथ बांधील कशी, असा आक्षेप होता. स्त्रियांना मुख्य शाखा आजही घेत नाहीत. त्यांच्यासाठी फ्रान्समध्ये स्त्रीपुरुषांची वेगळी शाखा निघाली आणि ॲनी बेझंटबाईंनी ती भारतात आणली. पुन्हा वेगळी चूल.

नास्तिकाचं प्रकरण तर मजेशीर आहे. अर्जदाराला विचारतात, परमेश्वर मानता का? जो खरं सांगून 'नाही' म्हणतो तो बाहेर. जो मनात 'नाही' ठेवून 'हो' म्हणतो तो आत. सचोटी शिकवणाऱ्या संस्थेची चाळणी अशी की तिच्यातून प्रामाणिक नास्तिक तेवढा गळतो. फ्रान्सच्या ग्रँड ओरिएंटने १८७७मध्ये ही अट काढली, तर इंग्रज मेसनांनी त्यांच्याशी संबंध तोडले.

आणि मतदान. पेटीत पांढरी किंवा काळी गोटी टाकायची. नियमाप्रमाणे एक-दोन काळ्या गोट्या पुरतात. कुणी टाकली हे कळत नाही, का टाकली हे सांगावं लागत नाही. मला सगळ्या विधींमध्ये सर्वांत चिंताजनक वाटतो तो गळ्यातला दोर नव्हे, ही गोटी. कारण ती आपल्या ओळखीची आहे. भाड्याने घर बघायला गेलेल्या माणसाला आडनाव ऐकून 'कालच दुसऱ्यांना दिलं हो' असं सांगतात तेव्हा हीच गोटी पडलेली असते. कारण न देता नाकारण्याची सोय असली की प्रत्येक जुना पूर्वग्रह तिथे मुक्कामाला येतो.

यावर एक वाजवी उत्तर आहे. मैत्री निवडक असतेच. मी कुणाला घरी जेवायला बोलवायचं याचा खुलासा मी जगाला देत नाही. मग चार माणसांनी आपलं मंडळ आपल्या पसंतीने केलं तर बिघडलं कुठे? काही बिघडलं नाही, जोवर ते स्वतःला मंडळ म्हणतात. भिशीच्या गटाला किंवा सकाळी टेकडीवर जाणाऱ्या चौघांना काळी गोटी माफ आहे, कारण ते मानवजातीच्या बंधुत्वाचा दावा करत नाहीत. जो दावा करतो तो त्या दाव्याने बांधला जातो. माणेकजींची तक्रार 'मला मित्र करून घ्या' ही नव्हतीच. 'तुम्ही म्हणता ते खरं करा' ही होती.

तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९१६मध्ये कुठलाही गट पारखायच्या दोन कसोट्या सांगितल्या: आतल्या लोकांमध्ये किती गोष्टी खरोखर सामाईक आहेत, आणि बाहेरच्या गटांशी त्यांची देवघेव किती मोकळी आहे. कोलंबियातले त्यांचे विद्यार्थी बाबासाहेब आंबेडकर यांनी जातिव्यवस्थेवर लिहिताना याच विचाराला धार दिली. जात पहिल्या कसोटीत पास होते. जातीतल्या जातीत पुष्कळ जिव्हाळा असतो. ती नापास होते ती दुसरीत. लॉजचंही परीक्षण इथेच व्हायला हवं. आत किती प्रेम आहे हे सभासद भरभरून सांगतात आणि ते खोटं नसतं. माझ्या परिचयातले एक निवृत्त अभियंते म्हणतात, नोकरी सुटल्यावर माझं नाव घेऊन हाक मारणारी माणसं मला तिथेच भेटली. पुरुषांना म्हातारपणी येणारं एकटेपण पाहता ही लहान गोष्ट नाही. लॉजमधून होणारा दानधर्म, दवाखान्यांना आणि शाळांना जाणारी मदत, हेही खरं.

पण किपलिंग विसरता येत नाही. त्याच्या कवितेत बाहेर 'साहेब' आणि 'सलाम' असतो, आत 'भाऊ'. तो ते मनापासून अनुभवत होता, यात शंका नाही. आणि तोच किपलिंग १८९९मध्ये गोऱ्या माणसाच्या खांद्यावरच्या ओझ्याचं काव्य लिहितो. तो ढोंगी नव्हता. आतली समता त्याला इतकी समाधान देणारी होती की बाहेरची विषमता त्याला बोचलीच नाही. बंद खोलीतल्या बंधुतेचा सर्वांत मोठा धोका हा आहे. ती भूक भागवते. तालीम इतकी रंगते की प्रयोग करायचा राहून जातो, आणि तालमीतल्या कुणाला ते जाणवतही नाही.

म्हणून लॉजमध्ये जाऊ का असं कुणी विचारलं तर माझं उत्तर 'जाऊ नका' असं नाही. १९६१पासून भारताची स्वतःची ग्रँड लॉज आहे, आणि माणेकजींना आज मुंबईत कुणी वर्णावरून अडवणार नाही. जावं, फक्त आतलं गुपित काय आहे ते विचारण्याऐवजी आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. इथे कुणाला का नाकारलं, हे नाकारलेल्याला सांगता का? आणि काल रात्री ज्याला भाऊ म्हटलं त्याच्या वस्तीतला, लॉजचं नावही न ऐकलेला माणूस सकाळी ऑफिसात समोर येतो, तेव्हा त्याला बसायला खुर्ची देता का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर संस्थेने द्यायचं आहे, दुसऱ्याचं ज्याचं त्याने. फुल्यांच्या हौदाला दारच नव्हतं, त्यामुळे त्यांना हे दोन्ही प्रश्न पडले नाहीत. आपल्यापैकी बहुतेकांच्या घराला, सोसायटीला, मंडळाला दार आहे. ते असू द्यावं. ते उघडायचं की लावायचं हे ठरवणारी काळी गोटी कुणाच्या हातात आहे, ती आपल्याच हातात नाही ना, एवढं अधूनमधून मूठ उघडून पाहावं.