छातीतली घरघर आणि कागदावरची सही



गेल्या गुरुवारी नामस्मरण आटोपल्यावर चहा घेताना एका ताईंनी हळूच विचारलं, "वहिनी, आमच्या मुलाला लहानपणी दमा होता. आता काही नाही. तो सैन्यात जायचं म्हणतोय. मेडिकलला हे सांगायचं का हो?"

आम्ही जरा गप्पच झालो. कारण हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात आला होता, आणि तेव्हा आमच्या तोंडून जे पहिलं उत्तर निघालं ते काही अभिमानाने सांगण्यासारखं नाही. म्हणून या वेळच्या पत्रिकेत तेच मोकळेपणाने लिहितो. ज्याची गोष्ट आहे त्याला विचारूनच लिहितो.

तो आमच्या नणंदेचा मुलगा. बेळगावात वाढलेल्या पोराला पलटण काही नवी नसते. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर इथेच. सांबऱ्याला हवाई दलाचे जवान तयार होतात. खानापूर-चंदगडकडच्या कितीतरी घरांत देवाच्या फोटोशेजारी वर्दीतला फोटो असतो. आमचा भाचा चौथीत असल्यापासून एकच सांगायचा, मी फौजेत जाणार.

आणि त्याच वयात रात्री त्याची छाती वाजायची. इकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, चार-चार महिने कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते. मध्यरात्री उठून वाफेचं मशीन लावायचं, पंप द्यायचा, त्याला मांडीवर उभा धरून बसायचं. सासूबाईंनी ओव्याच्या पुरचुंड्या केल्या. एका वर्षी मृगाला हैदराबादला नेऊन जिवंत माशातून देतात ती दवाही दिली. हैदराबादच्या आपल्या मंडळींना ती गर्दी माहीत आहे. डॉक्टरांचा पंप मात्र सुटला नव्हता. दहाव्या वर्षानंतर त्रास कमी होत गेला आणि पुढे पंपही बंद झाला. अठराव्या वर्षी हा पहाटे व्हॅक्सिन डेपोवर पळायला जायचा आणि 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारायचा.

अग्निवीर भरतीची लेखी झाली, मैदान झालं. राहिलं मेडिकल. तिथे मागच्या आजारांची विचारणा होते आणि खाली उमेदवाराची सही असते. घरात बैठक बसली. नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही सांगा त्याला, तुमचं ऐकतो." आणि आम्ही, दर गुरुवारी सत्यावर बोलणारे आम्ही, म्हणालो, "अरे, जुनं कशाला उकरायचं? आता तू ठणठणीत आहेस. विचारलं तर नाही म्हण."

तो म्हणाला, "मामी, पण सही माझी असणार ना?"

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. आपण काय सांगून बसलो?

आमच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच होतं, ते आधी मांडतो. लहानपणी छाती वाजणारी पुष्कळ मुलं मोठेपणी खरोखर बरी होतात. आपल्या लष्कराच्या नियमात मात्र दम्याचे किंवा घरघरीचे झटके वारंवार येऊन गेले असतील, तर उमेदवार अपात्र ठरतो. अमेरिकेच्या फौजेत तेराव्या वाढदिवसानंतर दमा होता का, एवढंच पाहतात. त्याआधीचा धरत नाहीत. मग आपल्याकडेच एवढं कडक का, असं आईच्या मनात येणारच. शिवाय लपवणारे आत जातात आणि खरं बोलणारा बाहेर राहतो, हेही डोळ्यांसमोर दिसतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या गल्लीतल्या सुभेदारकाकांकडे गेलो. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. त्यांनी उपदेश केला नाही. एवढंच म्हणाले, "वहिनी, अठरा हजार फुटांवर हवेचा दाब खालच्याच्या निम्मा. चांगल्या माणसाला बुटाची नाडी बांधताना धाप लागते. थंड कोरडी हवा, स्टोव्हचा धूर. दमा असा बसलेला असतो, उठतो कधी ते त्यालाच ठाऊक. आणि एक माणूस आडवा झाला की त्याला खाली आणायला चार जण लागतात. त्या चौघांच्याही आया असतात."

तोवर आम्ही सगळा विचार एकाच पोराचा करत होतो. त्याचं स्वप्न, त्याची नोकरी, त्याचं नशीब. त्याच्याबरोबर दोरीला बांधलेल्या बाकीच्या पोरांचा विचार आमच्या मनात एकदाही आला नव्हता. आपलं जुनं दुखणं न सांगणं हा आपला खासगी प्रश्न असतो, तो कुठवर? आपला श्वास आपल्यापुरता असतो तोवर. जिथे दुसऱ्याचा जीव आपल्या श्वासावर टांगलेला असतो, तिथे ती माहिती त्याचीही असते.

आपल्या जुन्या ग्रंथांत गुरूच्या दारात उभी राहिलेली दोन मुलं आहेत. कर्ण परशुरामांकडे गेला तो आपण कोण हे खोटं सांगून. त्याच्यावर अन्याय झाला होता, हे कोण नाकारेल? तरी खोट्यावर मिळवलेली विद्या ऐन रणात त्याला आठवली नाही. दुसरा सत्यकाम जाबाल. गोत्र विचारल्यावर त्याने आईने सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं, मला माझं गोत्र माहीत नाही. गौतम ऋषींनी त्याला जवळ केलं ते त्या खरेपणावर.

पण इथे एक प्रामाणिकपणे कबूल करायला हवं. भरतीच्या मैदानावर गौतम ऋषी नसतात, नियम असतो. खरं बोलल्याबद्दल तो जवळ घेईल असं नाही. म्हणून मुलांना "खरं बोल, देव चांगलंच करेल" एवढंच सांगून पाठवू नये. पदरात काही पडो न पडो, खरं हे देणंच आहे, असं सांगावं. नियम अन्यायाचा वाटत असेल तर फेरतपासणी मागावी, नियम बदला म्हणून अर्ज करावेत. खोटी सही केल्याने नियम बदलत नाही, फक्त आपलं एक पोर आत सरकतं.

आणखी एक गोष्ट आमच्या यजमानांनी दाखवली. 2013 साली धरमवीर सिंग या जवानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल, तर जवान धडधाकटच आत आला असं धरलं पाहिजे; पुढे आजार झाला तर तो नोकरीमुळे नाही, हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची. केवढा विश्वास आहे हा! या विश्वासावर कितीतरी जवानांच्या घरी अपंगत्वाची पेन्शन येते. आपण एकेक खोटी सही करत गेलो, तर उद्या खऱ्या जवानाच्या कागदाकडेही संशयाने पाहतील.

आता दुसरी बाजूही सांगतो. खरं सांगायचं म्हणजे जास्तीचं सांगायचं नाही. आपल्याकडे सर्दीत दोनदा छाती वाजली तरी "बाळदमा" म्हणतात, आणि तो शब्द पोराला जन्मभर चिकटतो. म्हणून आधी खरं काय ते शोधावं. आम्ही जुनी फाईल काढली, छातीच्या डॉक्टरांकडे नेलं, फुंकर मारून करतात ती फुप्फुसाची तपासणी करून घेतली. तपासणी चांगली आली. पण फाईलमध्ये सहा वर्षांतली औषधं आणि दोनदा दवाखान्यात ठेवल्याची नोंद होती. म्हणजे शब्द खराच होता.

त्याने मेडिकलला सगळं सांगितलं. त्याला थांबवलं. फेरतपासणीलाही तेच झालं.

तो दोन दिवस जेवला नाही. नणंदबाई आमच्याशी दीड महिना बोलल्या नाहीत. त्याच्याबरोबर पळणाऱ्यांपैकी एक जण आपलं काहीतरी लपवून पास झाला, हेही कानावर आलं. त्या वेळी आमच्या मनात काय आलं ते लिहायला लाज वाटते, पण आलं खरं, की गप्प बसायला सांगितलं होतं तेच बरं होतं का? गुरुमाऊलींच्या फोटोसमोर बसूनही त्याचं उत्तर लगेच मिळालं नाही.

आज तो नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हे बक्षीस म्हणून सांगत नाही. फौजेची गाडी रस्त्यावरून गेली की तो अजून मान वळवून पाहतो. परवा मात्र घरी आला होता. शेजारची सहा वर्षांची मुलगी पाहुणे आले म्हणून पंप घ्यायला लाजत होती. त्याने तिला सगळ्यांसमोर तो कसा ओढायचा ते दाखवलं आणि म्हणाला, "मीपण घ्यायचो."

तेव्हा आमच्या लक्षात आलं, की लपवायला आपणच शिकवतो, आणि तेही भरतीच्या कितीतरी आधी. पाहुणे आले की पंप कपाटात, शाळेत सांगायचं नाही, मुलगी असेल तर स्थळांना कळू द्यायचं नाही. बारा वर्षं घरात असं वाढलेलं पोर अठराव्या वर्षी कागदावर खरं कसं लिहील? आमच्या भाच्याने लिहिलं, ते आमच्यामुळे नव्हे.

तर ताई, तुमच्या प्रश्नाला आमचं उत्तर असं. आधी फाईल काढा, चांगल्या डॉक्टरांना दाखवा, खरं काय होतं ते नीट समजून घ्या. मग मुलाला सगळं सांगा, आणि सही त्याला करू द्या. थांबवलं तर त्याच्याशेजारी बसा. आम्ही तेव्हा तेवढंच करू शकलो. नणंदबाई आता बोलतात, पण त्या विषयावर नाही.

लिहिण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्यावं. तुमच्या घरात असा प्रसंग आला असेल तर जरूर कळवा, पुढच्या गुरुवारी बोलू.

जय गुरुदेव.