किनारा कोणाचा?



नाताळची धामधूम ओसरली, की आपल्या धर्मग्रामातील तरुण मुलामुलींच्या गप्पांत कोकणचा विषय हमखास निघतो. प्रजासत्ताक दिनाला जोडून शनिवार-रविवार आला तर मग पाहायलाच नको. दोन गाड्या किंवा पाच-सहा मोटारसायकली, तंबू, स्टोव्ह, चार दिवसांचा शिधा आणि अलिबागहून खाली किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा सागरी रस्ता. हॉटेलचा खर्च नको. संध्याकाळ होईल तिथे तंबू ठोकायचा. घरच्यांनी काळजीने विचारले, की उत्तर तयार असते : "किनाऱ्यावर झोपायला कोणाला विचारायचं? तो काय कोणाच्या मालकीचा आहे?"

हे उत्तर हसून सोडून देण्यासारखे नाही. किनारा खरोखर कोणाचा? आणि तो कोणा एकाचा नसेल, तर तिथे रात्र काढणाऱ्याने कोणाला विचारायचे?

मुलांचे म्हणणे एका अर्थी बरोबर आहे आणि ते फार जुनेही आहे. रोमन सम्राट जस्टिनियन याने इ. स. ५३३ मध्ये कायद्याचे एक पाठ्यपुस्तक प्रसिद्ध करविले. हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा या गोष्टी निसर्गतःच सर्वांच्या आहेत, असे त्यात म्हटले आहे. किनाऱ्यावर कोणीही आसऱ्याला झोपडी घालावी, जाळी सुकवावीत, अशी मुभा त्यात आहे. आजचा तंबू म्हणजे त्या झोपडीचाच भाऊबंद! आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ साली, बियास नदीच्या काठावरील एका हॉटेलच्या प्रकरणात असेच तत्त्व मान्य केले. नद्या, किनारे, जंगले ही जनतेची ठेव आहे. सरकार तिचे विश्वस्त आहे.

पण रोमन कायदेपंडितांनी याला एक पुस्ती जोडली होती. झोपडी उभी आहे तोवरच ती जागा त्या माणसाची. झोपडी गेली, की जागा पुन्हा पूर्वीसारखी सर्वांची. यातला 'पूर्वीसारखी' हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. सकाळी आपण तंबू गुंडाळून पुढच्या गावाला निघालो, आणि मागे बाटल्यांच्या काचा, प्लॅस्टिकच्या थाळ्या व शेकोटीची राख राहिली, तर जागा पूर्वीसारखी झाली का? उद्या तिथे अनवाणी चालणाऱ्या कोळणीच्या दृष्टीने आपण अजून तिथून उठलेलोच नाही.

सागरी रस्त्याने जाताना जागोजागी खाड्या आडव्या येतात. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटींनी त्या ओलांडायच्या. दाभोळची फेरीबोट २००३ साली सुरू झाली. त्याआधी गाडी पलीकडे न्यायची तर खाडीला मोठा वळसा घालावा लागे. या फेरीबोटींत आपल्या मोटारसायकलींच्या शेजारी मासळीच्या टोपल्या असतात, बाजाराला निघालेली माणसे असतात. आपण सहलीला निघालेलो असतो, ती मंडळी कामाला. पुढे हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी होड्या लागतात आणि वाळूतच मासळीचा लिलाव होतो. आपल्याला जो सुंदर देखावा वाटतो, ते कोणाचे तरी शेत असते, खळे असते.

दिवेआगर-श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्या पाहून आपल्याला गार वाटते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात धडकले आणि कितीतरी वाड्या एका दिवसात आडव्या झाल्या. सुपारीचे रोप लावल्यापासून फळ धरायला पाच-सात वर्षे जातात. त्या वाडीच्या कडेने मोफत तंबू ठोकणाऱ्याच्या डोळ्यांना मिळणारा आनंद कोणाच्या तरी कष्टांवर उभा आहे. त्याचे पैसे कोणी मागत नाही, म्हणून तो फुकट ठरत नाही.

आता बाणकोटजवळच्या वेळास गावाचे उदाहरण घेऊ. ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे साधारण नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास. पूर्वी ही अंडी उकरून नेली जात. २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने ग्रामस्थांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. अंडी कुंपणाच्या आत सुरक्षित ठेवायची, पिल्ले वर आली की समुद्राकडे सोडायची. पुढे ती पाहायला पाहुणे येऊ लागले आणि गावातल्या घरांत त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय झाली.

या पिल्लांची एक खोड आहे. ती उजेडाच्या दिशेने चालतात. मोकळ्या किनाऱ्यावर रात्री समुद्राकडची बाजूच अधिक उजळ असते, म्हणून त्यांना वाट सापडते. त्याच वाळूत कोणी शेकोटी पेटवली किंवा दिवे लावले, तर ती उलट्या दिशेला वळतात. अंडी घालायला आलेली मादीही उजेड आणि गोंगाट असेल तर तशीच माघारी जाते. शेकोटीभोवती गाणी म्हणणाऱ्या मित्रांच्या मनात कोणाचेही वाईट नसते. तरीही वाईट घडते. मनात पाप नाही, एवढ्याने जबाबदारी सुटत नाही. न विचारल्यामुळे झालेले नुकसान हेही नुकसानच असते.

म्हणून "कोणाला विचारायचं?" याचे उत्तर सापडते. मालक नसला तरी राखणदार असतात, त्यांना विचारायचे. गावात शिरल्यावर पहिल्या घराशी थांबून, "काका, इथे तंबू लावला तर चालेल का?" एवढे विचारायला दोन मिनिटे लागतात. तो माणूसच सांगेल, की पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी कुठवर चढते, ओढ कुठे आहे, जाळी कुठे सुकत असतात. त्या दोन मिनिटांनी गावाचा मान राहतो आणि कधीकधी आपला जीवही.

मित्रांविषयीही दोन शब्द. एकटा माणूस परक्या गावात संकोचून वागतो. दहा जण जमले की तो संकोच दहांत वाटला जातो आणि कोणाकडेच उरत नाही. अशा वेळी "आवाज कमी करा रे", "रात्रीचा पाण्यात उतरू नकोस" असे म्हणणारा एखादा लागतो. त्याला सगळे रसभंग करणारा म्हणतात. पण मैत्रीची परीक्षा तिथेच होते. चार दिवस बरोबर हसणारे पुष्कळ मिळतात. योग्य वेळी हात धरून थांबविणारा विरळा.

आपण वसईकरांना हे समजायला जड जाऊ नये. राजोडी, कळंब, भुईगाव, अर्नाळा येथे शनिवार-रविवारी बाहेरून गाड्यांची रांग लागते, तेव्हा आपण काय काय बोलतो! रात्री-अपरात्रीचे लाऊडस्पीकर, वाडीच्या कुंपणाशी टाकलेल्या बाटल्या, वाळूत फिरवलेल्या गाड्या. "यांना घरी कोणी शिकवलं नाही का?" असे आपण म्हणतो. मग आपली मुले कोकणात जातात, तेव्हा तिथल्या आजीच्या ओटीवरून ती कशी दिसत असतील?

पालकांनो, मुलांना जाऊ द्या. मित्रांबरोबर उघड्या आभाळाखाली झोपण्याने मन मोठे होते. मात्र शिध्याच्या पिशवीत एक रिकामी पोती आठवणीने घाला, आपला कचरा परत आणायला. आणि तरुणांनो, परत आल्यावर फोटो जरूर दाखवा. पण ज्या गावात मुक्काम केला, तिथल्या एका तरी माणसाचे नाव आम्हाला सांगा. ते सांगता आले, तर तुम्ही तिथे पाहुणे म्हणून राहिलात असे समजू.