टेलपर्यंत पाणी

पाटपाण्यावर शेती करणाऱ्याला ‘टेल’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कालव्याच्या माथ्याशी शेत असेल तर पाणी मुबलक. टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, असेल तर चारी कोरडी. पाणी कमी असतं असं नाही, सगळे एकदम दारं उघडतात म्हणून ते पोचत नाही. त्यावर महाराष्ट्रानं शेजपाळी हा तोडगा काढला. कुणी, कधी, किती वेळ पाणी घ्यायचं ते आधी ठरवायचं आणि पाळी टेलकडून माथ्याकडे न्यायची. मोठ्या संस्थेतल्या हजारो संगणकांना सॉफ्टवेअरचे अपडेट पोचवण्याचा प्रश्न मला याच जातीचा वाटतो.

मायक्रोसॉफ्ट २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजच्या दुरुस्त्या जाहीर करतं. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. बुधवारी सकाळी कार्यालयं उघडली की सगळे संगणक एकदम मागणी करू लागतात. गणित साधं आहे. एका शाखेत १०० संगणक, लाइन सेकंदाला १० मेगाबिटची आणि अपडेट ५०० मेगाबाइटचं. एका संगणकाला सुमारे सात मिनिटं लागतील. शंभरांना अकरा तासांहून जास्त, आणि तेही त्या लाइनवर दुसरं कुठलंही काम होत नसेल तर. काउंटरपुढे रांग उभी असताना हे कुणाला परवडेल? मग शाखेतला माणूस ‘नंतर’चं बटण दाबतो. त्याची चूक नाही. त्याला समोरच्या ग्राहकाचं काम उरकायचं असतं.

पण या ‘नंतर’ची किंमत मोठी आहे. १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधली एक फट बुजवणारी दुरुस्ती आली. त्यानंतर ५९ दिवसांनी, १२ मे रोजी, त्याच फटीतून ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस शिरला. सुमारे दीडशे देशांतले संगणक अडकले, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. जूनच्या अखेरीस ‘नॉटपेट्या’नंही पसरण्यासाठी ती फट वापरली, आणि त्या हल्ल्याची झळ थेट न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत आली, तिथल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. मागे राहिलेल्या प्रत्येक संगणकाचं कारण सावकाश लाइन हेच होतं असं मी म्हणणार नाही. पण औषध तयार असून रोग्यापर्यंत न पोचणं, हे दुखणं त्या संगणकांचं आणि आपल्या शाखेचं सारखंच आहे.

उपाय म्हणून बहुतेकांना आधी जास्त वेगाची लाइन सुचते. मला वाटतं, आधी उधळपट्टी पाहावी. वरच्या हिशेबात शंभर वेगवेगळ्या फायली नव्हत्या, एकच फाइल शंभरदा आणली जात होती. ती शाखेत एकदा आली की पुढची वाटणी आतल्या जाळ्यावर व्हायला हवी, आणि ते जाळं बाहेरच्या लाइनपेक्षा कितीतरी वेगवान असतं. त्यासाठी शाखेत साठवणीचा एक सर्व्हर ठेवता येतो, किंवा संगणकांनाच एकमेकांना देऊ द्यायचं. ब्रॅम कोहेन यांनी २००१ साली आणलेल्या बिटटॉरेंटनं हा मार्ग सर्वपरिचित केला. विंडोज १० मधली ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ ही सोयही त्याच वाटेनं जाते. फाइलचे तुकडे शेजाऱ्याकडून घ्यायचे आणि प्रत्येक तुकडा अस्सल आहे ना, हे त्याच्या हॅशवरून, म्हणजे त्या तुकड्यातल्या मजकुरावरून काढलेल्या खुणेवरून, तपासायचं.

मात्र शेजारी कोण, हे माणसानंच नीट ठरवायला हवं. अनेक संस्थांच्या सगळ्या शाखा मुख्यालयातूनच इंटरनेटवर जातात, त्यामुळे बाहेरून त्यांचा पत्ता एकच दिसतो. मग नागपूरचा संगणक कोल्हापूरच्या संगणकाला शेजारी समजतो, आणि ज्या लाइनवरचा भार हलका करायचा तिच्यावरच ओझं वाढतं. शाखेनुसार गट पाडून दिले की ही चूक टळते.

दुसरी गोष्ट पाळीची. फाइल आणणं आणि ती बसवणं ही दोन निराळी कामं आहेत. आणण्याचं काम रात्री, वेगाला मर्यादा घालून, आठवडाभर चालू शकतं. बसवण्याचा दिवस सर्वांना एक ठेवता येतो. सर्वांत सावकाश लाइन असलेल्या शाखेनं आणायला सर्वांत आधी सुरुवात करावी. शेजपाळीचा नियम इथे शब्दशः लागू पडतो. बसवण्याआधी मोजक्या संगणकांवर चाचणीही व्हायलाच हवी. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभर एकाच वेळी गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. चाचणीत सापडलेली चूक थोड्याच ठिकाणी नुकसान करते.

या सगळ्याला फार पैसा लागत नाही. साधनं बहुधा संस्थेकडे आधीच असतात. कमी पडतं ते टेलकडून विचार करणं. मुख्यालयातल्या पडद्यावर ‘९५ टक्के पूर्ण’ असं हिरव्या अक्षरांत दिसलं की समाधान वाटतं. हल्लेखोर मात्र उरलेले पाच टक्केच शोधत असतो, आणि ते बहुधा आडगावच्या, सावकाश लाइनच्या शाखेत असतात. म्हणून आयटी विभागांना माझी एक विनंती आहे. येत्या दुसऱ्या मंगळवारनंतरच्या अहवालात सरासरी खाली लिहा. पहिल्या ओळीत सर्वांत दूरच्या शाखेतल्या शेवटच्या संगणकाला अपडेट कधी मिळालं, ती तारीख लिहा.